चकतीतले पट्टे: फोटोइलॅस्टिसिटीच्या प्रकल्प नोंदी

१२ जून

आज सांगाडा उभा राहिला. मागे सोडियमचा दिवा, त्यापुढे दुधी काच, मग ध्रुवक (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं पुढे सोडणारा), एक क्वार्टर-वेव्ह फिल्म (प्रकाशाच्या एका घटकाला पाव तरंग मागे टाकणारी), मधे नमुना ठेवायची जागा, पुन्हा क्वार्टर-वेव्ह फिल्म आणि शेवटी फिरवता येणारा विश्लेषक, म्हणजे दुसरा ध्रुवक. विश्लेषकाच्या कड्याभोवती अंशांच्या खुणा चिकटवल्या आहेत. नमुना नसताना दोन्ही ध्रुवक एकमेकांना आडवे केले की पडदा काळा होतो. तो नीट काळा होईपर्यंत फिल्म सरळ करण्यातच दुपार गेली.

उद्देश लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटणार नाही. पारदर्शक वस्तूवर जोर दिला की ती दोन दिशांना सारखी राहत नाही. जोराच्या दिशेला एक अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो त्याचा आकडा), त्याला काटकोनात दुसरा. त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात आणि बाहेर पडताना त्यातला एक मागे राहिलेला असतो. किती मागे राहिला, ते विश्लेषकातून उजेड-काळोखाच्या पट्ट्यांनी दिसतं. घटक बरोबर एक तरंगलांबी मागे राहिला की पहिला पट्टा, दोन राहिला की दुसरा. मला मोजायचं आहे ते एवढंच: पॉलिकार्बोनेटमध्ये आणि ॲक्रिलिकमध्ये एका पट्ट्यासाठी किती प्रतिबल, म्हणजे दर क्षेत्रफळाला किती जोर, लागतं.

भार देण्यासाठी तरफ. खुंटीपासून १०० मिमीवर चकती, ५०० मिमीवर वजनं. म्हणजे वजनाच्या पाचपट जोर चकतीवर.

१५ जून

पॉलिकार्बोनेटची चकती आली. व्यास ६० मिमी, जाडी ६ मिमी, एक्स्ट्रूड केलेल्या पत्र्यातून कापलेली. आज आकडे घेतले नाहीत. सोडियम दिवा बाजूला करून पांढरा उजेड लावला आणि फक्त पाहत बसलो.

दोन किलो टांगल्यावर वरच्या आणि खालच्या टेकूपाशी रंगांची वलयं उमटली. चार किलो, सहा किलो. वलयं टेकूतून जन्मल्यासारखी बाहेर सरकत राहतात आणि चकतीच्या मध्याकडे येतात. टेकूला अगदी लागून ती इतकी दाट की भिंगाशिवाय मोजता येत नाहीत. रंगांचा क्रम ठरलेला आहे: काळा, करडा, पांढरा, पिवळा, लाल, मग जांभळ्याची एक अरुंद रेघ, तिच्यापुढे निळा आणि हिरवा. ती जांभळी रेघ म्हणजे पहिला पट्टा पूर्ण झाल्याची खूण. थोडाही भार वाढवला की ती निळी होते, कमी केला की लाल. डोळ्याला इतका बारीक फरक कळावा अशी दुसरी जागा या रंगपटात नाही. चौथ्या-पाचव्या पट्ट्यापुढे रंग फिके पडत जातात, नुसते गुलाबी आणि हिरवट राहतात. म्हणून मोजणीसाठी एकरंगी दिवाच हवा.

हात टेबलावर टेकला तरी वलयं थरथरतात. जो जोर आजवर मी कागदावर बाणांनी काढत आलो, तो असा समोर हलताना पाहिला आणि बराच वेळ उठवलं नाही.

१८ जून

पहिली मोजणी. चकतीचा मध्यबिंदू निवडण्याचं कारण असं की तिथलं उत्तर सिद्धांतातून नेमकं मिळतं. व्यासावर दाबलेल्या चकतीच्या मध्यावर उभा दाब ६ × भार ÷ (पाय (π) × जाडी × व्यास), आणि आडवा ताण २ × भार ÷ (पाय × जाडी × व्यास). दोन्हींतला फरक ८ × भार ÷ (पाय × जाडी × व्यास). पट्ट्यांचा क्रमांक या फरकाला जाडीने गुणून मिळतो, त्यामुळे जाडी दोन्हीकडून कटते. पट्ट्याचं मूल्य = ८ × भार ÷ (पाय × व्यास × क्रमांक). मोजायचं फक्त व्यास, भार आणि क्रमांक. फार देखणं सूत्र आहे.

क्रमांकाचा अपूर्णांक टार्डीच्या रीतीने काढला: विश्लेषक फिरवत न्यायचा, मध्यबिंदू काळा होईल तिथे थांबायचं, किती अंश फिरवला ते वाचायचं. १८० अंश म्हणजे एक पूर्ण पट्टा. प्रत्येक भारानंतर दोन मिनिटं थांबून वाचन, कारण प्लास्टिक भाराखाली हळूहळू सरकत राहतं.

९८ न्यूटनला क्रमांक ०.९२, १९६ ला १.४७, ४९० ला ३.१४. त्यावरून पट्ट्याचं मूल्य आलं ४.५, ५.७ आणि ६.६ न्यूटन प्रति मिमी.

हे बरोबर नाही. मूल्य पदार्थाचा गुणधर्म आहे, ते भाराबरोबर बदलता कामा नये. आणि पॉलिकार्बोनेटसाठी ते सातच्या पुढे यायला हवं. माझे सगळे आकडे कमी आहेत, आणि भार जितका लहान तितके जास्त कमी.

१९ जून

क्वार्टर-वेव्ह फिल्मवर संशय. ती १४० नॅनोमीटरची आहे, म्हणजे ५६० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी बरोबर पाव तरंग. सोडियमचा प्रकाश ५८९ चा. १४० ÷ ५८९ = ०.२३८. पाव तरंगापेक्षा थोडी कमी. पण एवढ्याने पट्ट्याच्या क्रमांकात शंभराव्या भागाच्या आसपास फरक पडेल, माझी चूक त्याच्या कित्येक पट आहे. फिल्म निर्दोष.

तरफेची अंतरं पुन्हा मोजली: १०० आणि ५००, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. वजनं काट्यावर घालून पाहिली, बरोबर. चकतीचा व्यास तीन ठिकाणी मोजला, ५९.९ ते ६०.१. तिन्ही ठीक.

२२ जून

सरांना तक्ता दाखवला. त्यांनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "यात शून्य भाराची ओळ कुठंय?"

मी म्हणालो, "सर, शून्याला क्रमांक शून्यच असणार."

"पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. खरं तर पाहिलं होतं, पण नोंदवलं नव्हतं. भार नसताना चकती काळी दिसत नाही, थोडी उजळ दिसते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुधी काचेवरून इकडेतिकडे सांडलेला उजेड समजून मी ते सोडून दिलं होतं. पण सांडलेला उजेड असता तर चकतीच्या बाहेरही दिसला असता. बाहेर गडद काळं आणि आत करडं, अशी स्वच्छ सीमा होती. उजेड चकतीतच बदलत होता.

सर जाताना एवढंच म्हणाले, "चकती आडवी करून बघ, काय म्हणते ती."

संध्याकाळी चकती तरफेखालून काढून नुसती हातात धरली. दोन्ही क्वार्टर-वेव्ह फिल्म बाजूला केल्या आणि चकती ध्रुवकांच्या मधे हळूहळू फिरवली. दर नव्वद अंशांना काळी, मधल्या पंचेचाळीसला उजळ. म्हणजे चकतीला स्वतःची एक दिशा आहे. हातात धरलेल्या, कशानेही न दाबलेल्या तुकड्याला. पत्र्याचा उरलेला तुकडा शोधला, त्यावरच्या छापाच्या रेघेवरून पत्रा यंत्रातून कोणत्या बाजूला ओढला गेला ते कळलं. चकतीची दिशा तीच निघाली.

चकतीच्या कडेलाही एक पातळ, वेगळी उजळ किनार आहे. ती करवतीची.

२३ जून

आज मन लावून दोन पूर्ण संच घेतले. पहिल्यात पत्र्याची ओढलेली दिशा आडवी, दुसऱ्यात उभी. शून्यापासून सुरुवात, म्हणजे नुसती रिकामी तरफ चकतीवर टेकलेली.

दिशा आडवी: ०.३६, ०.९२, १.४७, २.०३, २.५८, ३.१४.
दिशा उभी: उणे ०.१४, ०.४२, ०.९७, १.५३, २.०८, २.६४.

उणे म्हणजे विश्लेषक उलट्या बाजूला फिरवावा लागला. भार तेच: ०, ९८, १९६, २९४, ३९२, ४९० न्यूटन.

आलेखावर दोन रेषा आल्या, एकमेकींना समांतर. चढ दोन्हींचा सारखा, दर न्यूटनला ०.००५६७ पट्टा. त्यातून पट्ट्याचं मूल्य ७.४९ न्यूटन प्रति मिमी. याच आकड्यासाठी चार दिवस झगडत होतो. ५८९ नॅनोमीटरला या मूल्याने भागलं की प्रतिबल-प्रकाश गुणांक मिळतो: सुमारे ७९ ब्रूस्टर. एक ब्रूस्टर म्हणजे दर पास्कलला अपवर्तनांकात दहाच्या उणे बाराव्या घाताएवढा फरक. इतक्या चिमुकल्या गोष्टीतून एवढे ठळक पट्टे.

पण मला थांबवून ठेवलं ते पहिल्या ओळींनी. दोन शून्यांची सरासरी शून्य येत नाही, ०.११ येते. पत्र्याच्या ओढीचा परिणाम एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे असल्याने सरासरीत तो कटायला हवा. मग हा ०.११ कुठला? चढाने भागून पाहिलं: १९.४ न्यूटन. चकतीवर कुणीतरी १९ न्यूटनांनी दाबत होतं आणि ते माझ्या हिशेबात नव्हतं.

तरफेची पट्टी काढून वजन केलं. ८०० ग्रॅम. तिचा गुरुत्वमध्य खुंटीपासून २५० मिमीवर, म्हणजे अडीचपट. ०.८ × ९.८१ × २.५ = १९.६.

तरफेचं स्वतःचं वजन मी धरलंच नव्हतं, आणि चकतीने ते मला सांगितलं. दोन दशांश न्यूटनांच्या फरकाने. हे लिहिताना अजून हात थोडा कापतोय. प्लास्टिकच्या एका तुकड्याने प्रकाश वळवून तरफेचं वजन केलं.

दोन शून्यांतल्या फरकाचा अर्धा ०.२५ पट्टा, म्हणजे १४७ नॅनोमीटर. ६ मिमी जाडीवर पसरलं तर दोन दिशांच्या अपवर्तनांकांत ०.००००२५ चा फरक. हा पत्र्याचा.

२७ जून

किनार काढण्यासाठी चकती भट्टीत घातली. १३० अंश सेल्सिअसवर चार तास, मग भट्टी रात्रभर सावकाश थंड होऊ दिली. घाईने थंड केलं असतं तर बाहेरची कातडी आधी आखडून नवंच प्रतिबल बसलं असतं. काच कडक करतात ती याच तत्त्वावर: तापलेल्या काचेवर हवेचे झोत मारून पृष्ठभाग आधी गोठवायचा, आतला भाग नंतर आखडतो आणि पृष्ठभागाला दाबून धरतो. मोटारीच्या काचेवर ध्रुवित चष्म्यातून ठिपक्यांची नक्षी दिसते ती त्या झोतांचीच. आकाशाचा उजेड मुळातच काहीसा ध्रुवित असतो, त्यामुळे दुसरा ध्रुवक निसर्गच पुरवतो.

सकाळी चकती पाहिली. करवतीची किनार साफ गेली. मध्यावरचा ०.२५ मात्र जवळजवळ तसाच: ०.२३.

सुरुवातीला वाईट वाटलं. मग लक्षात आलं की ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

१ जुलै

तीन दिवस हेच डोक्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

किनारीचं दुखणं म्हणजे अडकलेलं प्रतिबल: एक भाग दुसऱ्याला ओढतोय. उष्णतेने रेणूंना थोडी हालचाल करता आली की ते सैल होतं. मध्यावरचं दुखणं तसं नाही. तिथे कुणी कुणाला ओढत नाहीये. पत्रा गरम, मऊ असताना यंत्राने ओढला, लांब रेणू ओढीच्या दिशेला थोडे वळले आणि त्याच अवस्थेत गोठले. प्रतिबल शून्य आणि विकृती, म्हणजे ताणल्याने झालेला बदल, मात्र शिल्लक. ती जायला पदार्थ पुन्हा मऊ व्हायला हवा, म्हणजे पॉलिकार्बोनेटसाठी साधारण १५० अंशांपर्यंत न्यायला हवं, आणि तेवढ्यात चकतीचा आकारच बिघडेल.

म्हणून ज्याला आपण सहज "प्रतिबलाचे रंग" म्हणतो ते नाव पुरतं बरोबर नाही. प्रकाशाला जोर दिसत नाही. त्याला रेणूंची मांडणी दिसते. जोर हा ती मांडणी बदलण्याचा एक मार्ग.

हा भेद जुनाच आहे. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ च्या सुमारास दाबलेल्या काचेत आणि जेलीत दुहेरी अपवर्तन पाहिलं. फ्रान्झ नॉयमान यांनी १८४१ मध्ये नियम मांडला तो विकृतीच्या भाषेत. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८५० मध्ये, वय वीसच्या आत असताना, प्रतिबलाच्या भाषेत मांडला; दोन नळकांड्यांच्या मधे माशांपासून काढलेल्या जिलेटिनची जेली भरून आतलं नळकांडं थोडं पिळलं की कसे पट्टे दिसतात, हेही त्यांनी पाहिलं होतं. भार आणि विकृती प्रमाणात असतील तोवर दोन्ही नियम एकच. माझ्या चकतीत ते वेगळे होतात, कारण तिच्यात भाराविना विकृती आहे.

घरी जिलेटिनचा ठोकळा केला. बोटाच्या टोकाने दाबलं तरी रंग. बोट उचललं की काळा. गोठलेलं काहीही नाही, कारण ते अजून मऊच आहे. चकतीच्या शेजारी ठेवून दोन्ही एकदम पाहिले.

४ जुलै

ॲक्रिलिक. ओतून केलेल्या पत्र्यातली चकती, मापं तीच. शून्याला व्यवस्थित काळी. ओतलेल्या पत्र्याला ओढ लागलेली नसते.

दहा किलो टांगून पाहिलं, पांढऱ्या उजेडात एकही रंग नाही. मध्यावर फक्त मंद करडी छटा. याच भाराला पॉलिकार्बोनेटमध्ये तीन पट्टे होतात. वजनं खाली पडली का म्हणून वाकून पाहिलं.

विश्लेषकाने मोजलं: २७ अंश, म्हणजे ०.१५ पट्टा. मूल्य सुमारे १४० न्यूटन प्रति मिमी, गुणांक ४.२ ब्रूस्टर. आणि विश्लेषक उलट्या बाजूला फिरवावा लागला. म्हणजे चिन्हही उलटं. पॉलिकार्बोनेट ज्या दिशेला ताणलं जातं त्या दिशेला त्याचा अपवर्तनांक दुसऱ्या दिशेपेक्षा वाढतो, ॲक्रिलिकमध्ये तो कमी राहतो.

कारण रेणूत आहे. पॉलिकार्बोनेटच्या साखळीतच बेंझिनची कडी आहेत. त्यांच्यातले इलेक्ट्रॉन कड्याच्या पातळीत सहज हलतात, आणि साखळी एका दिशेला वळली की ही सगळी कडीही तिच्याबरोबर वळतात. ॲक्रिलिकमध्ये असं काही साखळीत नाही. तिथला एस्टर गट बाजूला लोंबतो आणि साखळीच्या परिणामाला जवळजवळ खोडून काढतो, वर थोडा उलटाच उरतो. दोन परिणामांची वजाबाकी म्हणून एवढी छोटी संख्या.

याच वजाबाकीच्या बळावर शून्यही साधता येतं. फ्रीडरिश पॉकेल्स यांनी १९०२ मध्ये दाखवलं की काचेत शिशाचं प्रमाण पुष्कळ वाढवत नेलं की एका ठिकाणी प्रतिबल-प्रकाश गुणांक शून्य होतो. त्या काचेला दाबा, ताणा, ध्रुवित प्रकाशात ती काळीच. भिंगं करणाऱ्यांना हवी ती अशीच काच. मला हवी त्याच्या नेमकी उलट.

८ जुलै

सोडियम दिवा गेला. काही झालं नाही.

१३ जुलै

नवा दिवा. आता भोक पाडलेली पट्टी: पॉलिकार्बोनेट, रुंदी ४० मिमी, जाडी ३ मिमी, मधोमध ८ मिमीचं भोक. भोक पाण्याखाली, हळू पाडलं आणि पट्टी भट्टीतून काढली. तरफ उलटी करून पट्टी ताणण्यासाठी लावली. या वेळी तरफेचं वजन धरलं आणि शून्याचं वाचन प्रत्येक ठिकाणी आधी घेतलं.

एकूण २९४ न्यूटनला भोकापासून दूर, शून्य वजा केल्यावर, एक पट्टा. भोकाच्या दोन बाजूंना, ओढीच्या दिशेला काटकोनात, तीन. गणित सांगतं की अमर्याद रुंद पत्र्यात गोल भोकाच्या काठावर प्रतिबल तिप्पट होतं (किर्श, १८९८) आणि या रुंदीच्या पट्टीसाठी ३.१. माझा आकडा ३.० ते ३.१ च्या मधे कुठेतरी. काठावरचा पट्टा केसाएवढा अरुंद असल्याने याहून नेमकं सांगता येत नाही.

काठावर मोजायला आवडण्याचं कारण: पट्टा फक्त दोन मुख्य प्रतिबलांचा फरक सांगतो. आतल्या कुठल्याही बिंदूवर फरक २ आला, तर ते ५ आणि ३ आहेत की १ आणि उणे १, हे पट्ट्यातून कळत नाही. पण मोकळ्या काठावर काठाला लंब दिशेचं प्रतिबल शून्यच असतं, कारण तिथे धरायला कुणी नाही. मग फरक हाच खुद्द आकडा. आणि वस्तू तुटायला सुरुवात बहुतेक वेळा काठापासूनच होते, म्हणजे जिथे जाणून घ्यायची गरज सर्वांत जास्त तिथेच ही रीत सर्वांत स्पष्ट बोलते.

भोकाच्या वर आणि खाली, ओढीच्या रेषेत, काठावर पट्टा शून्यातून जाऊन पुन्हा एकपर्यंत येतो. तिथे दाब आहे. पट्टी ताणतोय आणि तिच्यात एका जागी दाब. भिंगातून तो काळा ठिपका, जिथे ताणाचा दाब होतो, बराच वेळ पाहिला. भार बदलला तरी तो जागेवरून हलत नाही. आजूबाजूचे सगळे पट्टे सरकतात, तो तिथेच.

१६ जुलै

मोजणी नाही, फक्त वाचन. फरकाच्या पलीकडे काय, हा प्रश्न डोक्यात होता.

प्रकाशतंतूंतल्या ब्रॅग जाळीत ते दिसतं. तंतूच्या गाभ्यात ठराविक अंतरावर अपवर्तनांकाच्या पायऱ्या कोरतात आणि त्या एकाच तरंगलांबीला परत पाठवतात. तंतू ताणला की ती तरंगलांबी सरकते. १५५० नॅनोमीटरच्या जाळीत, लांबी दशलक्षात एक भाग वाढली की साधारण १.२ पिकोमीटर. नुसत्या लांबीच्या हिशेबाने १.५५ यायला हवी होती. बाकीची कुठे गेली? ताणलेल्या काचेचा अपवर्तनांक थोडा घटतो आणि सुमारे २२ टक्के परिणाम परत घेतो. म्हणजे इथे अपवर्तनांकातला खुद्द बदल मोजला जातो, दोन दिशांमधला फरक नव्हे. पुलांत, धरणांत असे तंतू गाडून ठेवतात आणि दुसऱ्या टोकाला बसून ताण वाचतात. तापमानानेही तरंगलांबी सरकते, एका अंशाला दहाएक पिकोमीटर, म्हणून शेजारी एक न ताणलेली जाळीही ठेवावी लागते. माझ्या शून्याच्या ओळीचंच ते भावंड.

आणि एका थराच्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये तर ताणाने पदार्थ सोडतो तो प्रकाशच बदलतो: एका दिशेला एक टक्का ताणलं की ऊर्जा-अंतर (सुटणाऱ्या प्रकाशाचा रंग ठरवणारी इलेक्ट्रॉनची उडी) साधारण ४५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टने कमी होतं. तिथे प्रकाश नुसता वळत नाही, जन्मतानाच वेगळा असतो. हे माझ्या टेबलावर होण्यातलं नाही, पण नोंदवून ठेवतो.

२४ जुलै

सरांकडून परवानगी मिळाली. इपॉक्सीची चकती ओतली, व्यास ६० मिमी, जाडी ६. शून्याला काळी.

जे पत्र्याच्या यंत्राने माझ्या नकळत केलं, ते आता मुद्दाम करायचं. १९३६ मध्ये ओपेल यांनी दाखवलेली रीत: नमुना भाराखाली ठेवून तापवायचा, मऊ होऊ द्यायचा, भार तसाच ठेवून सावकाश थंड करायचा. मऊ अवस्थेत इपॉक्सी रबरासारखी होते आणि थोडक्या भारालाही भरपूर विकृत होते. म्हणून तरफ नको, दीड किलोचं वजन थेट चकतीवर, जोर १४.७ न्यूटन.

भट्टी १३५ अंशांवर. दर तासाला पाच अंश या वेगाने खाली आणायची.

२६ जुलै

सकाळी भट्टी उघडली. वजन उचलून बाजूला ठेवलं. चकती हातात घेतली, गार होती.

ध्रुवकांच्या मधे धरली. वरच्या आणि खालच्या टेकूपाशी वलयं, मध्यावर दुसऱ्या पट्ट्याच्या जवळ. १५ जूनला पाहिलेली तीच नक्षी, फक्त आता तिच्यावर काहीच नाही. मूल्य काढलं: ०.३ न्यूटन प्रति मिमीच्या थोडं वर. खोलीच्या तापमानाला हीच इपॉक्सी याच्या तीसेक पट भार मागते.

दुपारी चकती उभ्या व्यासावर कापली, बारीक दातांच्या करवतीने, पाण्याची धार सोडत, घाई न करता. वीस मिनिटं लागली. दोन्ही अर्धे पुसले आणि पुन्हा धरले. कापलेल्या काठापर्यंत प्रत्येक पट्टा जागच्या जागी आहे, काठावर मधेच तुटलेला, आणि दुसरा अर्धा शेजारी टेकवला की पट्ट्याला पट्टा जुळतो. प्रतिबलाने हे धरून ठेवलं असतं तर कापताक्षणी विस्कटायला हवं होतं.

दोन्ही अर्धे कापसात गुंडाळून डब्यात ठेवले. डब्यावर लिहिलं: भार ०, क्रमांक २.